पिल्लांच्या खोलीतली काळी वायर

भावोजी,

तुमच्या तेराव्याला अंगणातल्या मांडवात दोन पंखे लावले होते. पंगत बसली, भात वाढून झाला, आणि दोन्ही पंखे एकदम बंद पडले. मांडववाला वायरी चाचपत बसला. तेवढ्यात पंगतीतून कुणीतरी सवयीनं म्हणालं, "सदूभाऊंना हाक मारा रे."

सदूभाऊ म्हणजे तुम्हीच. वाढणारे हातातली पातेली घेऊन तसेच उभे राहिले. ताई माजघराच्या दारात होती. ती म्हणाली, "जेवा, जेवा. वारा हाय बाहेर." वारा अजिबात नव्हता. पण सगळे खाली बघून जेवायला लागले.

मी तुमचा मेहुणा. पोलादपूरच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवणारा, विद्युत या प्रकरणावर वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिका काढणारा. भाताच्या ढिगात बोटं खुपसून बसून राहिलो. उठून बघावं असं एकदा मनात आलं. पण माझा हात वायरीला लागला की काय होतं, हे त्या गावात फक्त तुम्हाला माहीत होतं.

महाडच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी तुमच्यावर लिहायला सांगितलं आहे. "जन्म, शिक्षण, मनमिळाऊ स्वभाव, एवढं आलं म्हणजे झालं," असं ते म्हणाले. जन्माची तारीख ताईलाही नक्की माहीत नाही. शिक्षण सातवी. मनमिळाऊ तुम्ही होता, पण तुमचं मन ज्यांच्याशी मिळायचं ते सगळे एसटीचे ड्रायव्हर, दुकानदार आणि खांबावर चढणारे लोक. ते काही साप्ताहिक वाचत नाहीत. वाचतात ते आमच्यासारखे. म्हणून जे लिहायचं ते आमच्याबद्दलच लिहावं लागणार.

तुम्ही आमच्या घरी जावई म्हणून आलात तेव्हा आमच्या थोरल्या काकांना ते फारसं रुचलं नव्हतं. आमच्याकडे सगळे मास्तर, तलाठी, पोस्टात चिकटलेले. त्यात वरंधच्या बाजूच्या वाडीतला वायरमन. काका तुम्हाला कधी वाईट बोलले नाहीत. फक्त 'जावईबापू' म्हणताना शेवटच्या अक्षरावर जरा जास्त वेळ थांबायचे. तुम्हाला ते कळायचं. एकदा मला म्हणालात, "मास्तर, तुमच्या काकांच्या घरातला एक पण बटण मी लावलेला नाय. लावलेला असता तर मी पण थांबलो असतो प्रत्येक बटणावर."

माझ्या घरातलं मात्र सगळं वायरिंग तुमचं. काम सुरू करायच्या आधी फ्यूज काढायचा आणि शर्टाच्या खिशात ठेवायचा, मगच वायरीला हात लावायचा, ही तुमची रीत. "बोर्डावर ठेवला तर कोणतरी शहाणा येतो नि परत लावतो," असं म्हणायचात आणि माझ्याकडे बघायचात. एका संध्याकाळी काम आटपून तुम्ही शेवटची एसटी पकडून महाडला गेलात आणि आमच्या घराचा फ्यूज तुमच्याबरोबर गेला. आम्ही दिवा लावून बसलो. बायको म्हणाली, "तुम्ही विज्ञान शिकवता ना, लावा की काहीतरी." मी तिला विजेचे धोके समजावून सांगितले. सगळे पटले तिला. आठ वाजायच्या सुमारास तुम्ही ट्रकच्या केबिनमधून उतरलात, फ्यूज लावलात आणि चहाही न घेता त्याच रस्त्यानं परत गेलात. "घर काळोखात ठेवून मला भात गेला नसता," एवढंच म्हणालात. त्या रात्री मला फार भारी वाटलं होतं की माझा भावोजी असा आहे.

अठ्ठ्याण्णव साली मला कोंबड्या पाळायची लहर आली. शाळेतल्या पगारावर माझं भागत होतं, पण शेजारच्या गावातल्या एका गृहस्थानं पडवीत दोनशे पिल्लं पाळून दिवाळीला विकली होती आणि तो येता-जाता मला त्यांची वजनं सांगायचा. मीही पडवीचा मागचा भाग तट्ट्यांनी बंद करून घेतला. एका दिवसाची पिल्लं आणायची म्हणजे त्यांना आईच्या पोटाखालची ऊब द्यावी लागते. श्रावणात आंबेनळी घाटाकडून धुकं उतरलं की आमच्या पडवीत माणसालाही ऊब लागते.

त्याच सुमारास माझा एक शाळासोबती बोटीवरून सुट्टीला आला. त्यानं मला एक पांढरा चपटा डबा दिला. थर्मोस्टॅट. मधे काचेत करडे आकडे. तो म्हणाला, "आम्ही ज्या बंदरात लागतो तिथं प्रत्येक घराच्या भिंतीवर हा असतो. घर थंड पडलं की हा तापवायचं यंत्र सुरू करतो, तापलं की बंद. थंड करायचं त्यात कायच नाय, नुसतं तापवायचं."

तुम्ही तो डबा हातात फिरवून फिरवून बघितलात. "नुसतं तापवायचं?" तुम्ही विचारलंत. "मे महिन्यात त्यास्नी इकडं पाठवा म्हणावं. फुकट."

मग आपला वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, महाडच्या दुकानात मिळतो तो साधा पट्टीचा थर्मोस्टॅट लावू. दोन धातूंची पट्टी. तापली की वाकते, वाकली की बल्ब बंद. गार झाली की सरळ, बल्ब चालू. दोन वायरीत काम. "त्याला खायला-प्यायला लागत नाय. तुमच्या या डब्याला पहिलं स्वतःला जेवण पायजे. ज्याला स्वतःलाच भूक लागते तो दुसऱ्याची राखण काय करणार?"

मी म्हणालो, "घरातल्या कर्त्या माणसालाही जेवावं लागतंच की."

"मग वाढायचं कोणी? तुम्ही?"

"आकडे दिसतात भावोजी. किती अंश आहे ते कळतं. शास्त्रीय आहे."

"पिल्लांना वाचता येतंय का आकडे?"

शेवटी माझाच हट्ट चालला. माझंच घर, माझीच पिल्लं. तुम्ही महाडहून वायर, होल्डर, पत्र्याची छत्री घेऊन आलात. छत्रीखाली चार बल्ब. छत्री साखळीनं वर-खाली करायची, कारण पिल्लं मोठी होतील तशी ऊब कमी करायची असते. थर्मोस्टॅट मी डोळ्यांच्या उंचीवर लावायला सांगितला. तुम्ही खाली उकिडवे बसलात आणि जमिनीपासून वीतभर हात धरलात. "पिल्लू किती उंचीवर ऱ्हातं, मास्तर? तुमच्या चष्म्यापाशी, का इथं?" डबा खाली लागला. आकडे बघायला मला रोज जमिनीवर आडवं पडावं लागायचं, आणि बायकोला वाटायचं मी पिल्लांना नमस्कार घालतोय.

वायरिंग करताना तुम्ही खडूनं फरशीवर काढून दाखवलंत. लाल वायर बोर्डातून डब्यात. डब्यातून दुसरी लाल बल्बांकडे. काळी बोर्डातून सरळ बल्बांना. "एवढ्यात बल्ब पेटतात नि विझतात. पण डबा उपाशी. म्हणून ही तिसरी. काळी. बोर्डातनं थेट त्याच्या पोटात." मी विचारलं, की ही काळी छत्रीच्या काळीतून जोडून का घेत नाही, ती तर जवळच आहे. एवढी आठ-नऊ हात वायर भिंतीवरून वेगळी फिरवायची कशाला? तुम्ही म्हणालात, "छत्री रोज हलणार. हलणाऱ्या वायरीला जोड द्यायचा नाय." आणि लाकडी पट्टीवर खिळे मारत ती काळी वायर सगळी पडवी फिरवून आणलीत. दोन्ही टोकांना पांढरा दोरा गुंडाळलात, नेहमीसारखा, पुढं कुणी उघडलं तर त्याला ही न्यूट्रल आहे हे कळावं म्हणून.

मला समजावलंत पण. "करंट म्हणजे येस्टी. नुसती जायची गाडी असून भागत नाय. परतीची पण लागते. ही परतीची." हे वाक्य मी त्यानंतर दर वर्षी वर्गात वापरलं. मुलं हसतात आणि विसरत नाहीत. तुमचं नाव मात्र मी वर्गात कधी घेतलं नाही.

डब्यात दोन पेन्सिल सेलची जागा होती. तुम्ही म्हणालात, "सेल घाला, पण ते फक्त लाईट गेल्यावर त्याची याददाश्त ऱ्हावी म्हणून. सेलवर त्याला चालवायचा नाय. बल्ब पेटवायला-विझवायला त्याला जोर लागतो, तो सेल खाऊन टाकील." मी मान हलवली. मास्तर लोकांना मान हलवून घ्यायची सवय असते, हलवायची नसते, त्यामुळे बहुतेक ती नीट हलली नाही.

पिल्लं आली. दोनशे. दहा दिवस मी आडवा पडून आकडे बघितले. सगळं उत्तम.

मग हरतालिका आली. दुसऱ्या दिवशी गणपती बसणार. मी मखर केलं होतं, थर्माकोलचं, कळसाच्या जागी थोडं वाकडं. दिव्यांचं तोरण लावायला घेतलं तर त्याची एक वायर मखरापासून खटक्यापर्यंत पोचेना. बाजारात वायर संपलेली. सगळ्या पोलादपूरला त्या एका संध्याकाळी वायर हवी असते, हे तुम्हाला सांगायला नको. थोरले काका दुपारीच गणपतीसाठी मुक्कामाला आले होते. ते म्हणाले, "एवढं विज्ञान शिकलास आणि गणपती काळोखात बसवणार का?"

मी पडवीत गेलो. भिंतीवरून फिरलेली ती काळी वायर दिसली. बरोबर आठ-नऊ हात. मनात म्हटलं, बल्ब तर दोन वायरींवर चालतात, भावोजींनीच सांगितलंय. ही तिसरी नुसती डब्याच्या जेवणाची. त्याचं जेवण सेलवर होईल चार दिवस. मेन स्विच बंद केला, तेवढं तरी केलं. डब्याच्या बाजूनं वायर कापली, बोर्डाच्या बाजूनं सोडवली, पट्टीवरून उचकटली. आतले सेल काढून बघितले तर मंद. नवे सेल दुकानात नव्हते. रेडिओतले जुने सेल काढले. ते आम्ही उन्हात ठेवून ठेवून दोन महिने चालवत होतो. ऊन नव्हतं म्हणून बायकोनं ते चुलीच्या कडेला ठेवले होते. तेच घातले. काचेत आकडे आले. आकडे दिसतायत म्हणजे डबा जिवंत आहे, असं विज्ञान शिक्षकानं ठरवलं.

मखराची लायटिंग छान झाली. काकांनी सुद्धा बरी म्हटली.

गौरी येणार त्या दिवशी सकाळी मी पडवीत गेलो. आधीचा सगळा दिवस पाहुणे, आरत्या, भजन यात गेलेला. कुणी पडवीत डोकावलंही नव्हतं. छत्रीखाली बल्ब काळे. डब्याच्या काचेत काही नाही. पिल्लं सगळी एका कोपऱ्यात. थंडी वाजली की ती एकमेकांच्या खाली शिरतात, खालची गुदमरतात, वरची गारठतात. मी वरची उचलत गेलो. कडेची पन्नास-साठ तेवढी हलत होती.

काका मागे येऊन उभे राहिले. पिल्लांच्या ढिगाकडे वाकून बघितलं. मग विचारलं, "वायरिंग कुणाचं?"

"भावोजींचं," मी म्हणालो.

यात खोटं काय आहे, सांगा. वायरिंग तुमचंच होतं. गेली दहा वर्षं मी त्या एका शब्दाला असा उलटून पालटून बघतोय आणि त्यात मला खोटं सापडत नाही. काका "हं" म्हणाले. ताईच्या लग्नापासून त्यांनी तो "हं" जपून ठेवला होता.

दुपारी तुम्ही आणि ताई आलात. ताई माहेरच्या गौरीला आलेली, नवं लुगडं, डोक्यात अबोली. पायावर पाणी घेऊन तुम्ही गणपतीसमोर हात जोडलेत. मी बाजूलाच होतो. तुमची नजर मूर्तीवरून मखरावर गेली, मखरावरून तोरणावर, तोरणावरून वायरीवर. खटक्यापाशी वायरीला पांढरा दोरा गुंडाळलेला होता. तो काढायचं मला सुचलंच नव्हतं. तुम्ही त्या दोऱ्याकडे बघत होता आणि मी तुमच्याकडे. मग तुम्ही पुन्हा एकदा हात जोडलेत.

काका म्हणाले, "जावईबापू, पडवीत चला जरा."

पडवीत ताई होती, माझी बायको होती, दोन-चार पाहुणे होते. तुम्ही उकिडवे बसून डब्याचं झाकण उघडलंत. आत काळ्या वायरीचं बोटभर कापलेलं टोक होतं. भिंतीवर रिकामी पट्टी होती, खिळ्यांच्या भोकांची रांग होती. वायरिंग ज्याला कळतं त्याला यापेक्षा जास्त काही सांगावं लागत नाही. तिथं तेवढं कळणारे आपण दोघंच होतो. तुम्ही झाकण लावलंत, स्क्रू आवळलेत.

"काय झालं होतं?" काकांनी विचारलं.

"न्यूट्रल ढिली ऱ्हायली असंल माझ्याकडनं."

"असंल?"

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "ऱ्हायली," म्हणालात.

ताई तिथंच पेटली. "माझ्या भावाच्या घरी येऊन तरी धड काम करायचं होतंत. दोनशे जीव होते ते." तुम्ही म्हणालात, "होय गो. चुकलं." आणि मी काय केलं? मी गौरीसाठी तेरडा आणायला गेलो. तेरडा बायकोनं सकाळीच आणून ठेवला होता. मी तरी पण गेलो, ओढ्यापर्यंत गेलो, आणि अजून एक भारा घेऊन आलो.

विसर्जन झाल्यावर दोन दिवसांनी तुम्ही एकटेच आलात. उरलेल्या पिल्लांसाठी पट्टीचा थर्मोस्टॅट लावलात. दोन वायरीत. मखराची काळी वायर मी गुंडाळून खिडकीत ठेवली होती, तिला तुम्ही हातही लावला नाहीत. पडवीत आपण दोघंच होतो, अर्धा तास. बाहेर पाऊस होता, कुणी येणार नव्हतं. मी चार वेळा तोंड उघडलं. शेवटी म्हणालो, "चहा घेणार?" तुम्ही म्हणालात, "घेऊ की."

इथपर्यंतच असतं तर त्याला भित्रेपणा म्हणून मी स्वतःवर हसून घेतलं असतं. मला स्वतःवर हसता येतं, त्यात मी तरबेज आहे. पण पुढच्या जानेवारीत आमच्या शाळेच्या नव्या हॉलचं काम निघालं. तुम्ही मला म्हणाला होतात, "मास्तर, एक शब्द टाका. तो हॉल मला करू द्या. असा करीन की तुमच्या पोरांना बटण कुठं हाय ते काळोखात पण सापडेल." एका रविवारी येऊन तुम्ही पावलांनी हॉल मोजून गेलात. वहीच्या कागदावर पेन्सिलीनं नकाशा काढलात, कुठे पंखा, कुठे दिवा, कुठून तारा जाणार. तुमचं अक्षर वाईट होतं पण रेघा सरळ होत्या. तो कागद माझ्या कपाटात आहे.

हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, "काय हो, तुमचे भावोजी म्हणजे तेच ना, ते पिल्लांचं झालं ते?"

पोलादपूर लहान गाव. गणपतीला आलेल्या पाहुण्यांनी ती गोष्ट घरोघरी पोचवली होती.

"हो," मी म्हणालो.

"मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे हो. तुमचं काय मत?"

खिशात तुमचा कागद होता. तिथं काका नव्हते, ताई नव्हती, गौरीचा दिवस नव्हता. फक्त एवढंच म्हणायचं होतं की सर, ती वायर मी काढली. पण मग विज्ञानाचा शिक्षक म्हणून त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं असतं, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. तुमचा हॉल एका बाजूला होता आणि माझी लाज दुसऱ्या बाजूला.

"तुम्ही म्हणाल तसं, सर," मी म्हणालो.

तुम्हाला मी सांगितलं की कमिटीनं दुसऱ्याला दिलं. "असू दे," तुम्ही म्हणालात. दोन महिन्यांनी तुम्ही एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्टवर लागलात. पोलादपुरातली कामं हळूहळू थांबलीच होती. "बरं झालं, वेळेवर भात मिळतो," असं सगळ्यांना सांगायचात. दुसऱ्यांनी ओढलेल्या वायरी तपासत उभं राहायचं, एवढंच तिथलं काम. पुन्हा कधी तुम्ही कुणाच्या घराचा नकाशा काढलेला मी बघितला नाही.

आपलं हसणं-बोलणं मात्र चालू होतं. भेटलो की तुम्ही विचारायचात, "मास्तर, जेवला का तुमचा डबा?" मी म्हणायचो, "तुमच्या पट्टीपेक्षा हुशार आहे तो." मग सगळ्यांसमोर आपण तोच वाद घालायचो, पट्टी बरी की आकडे बरे. लोक म्हणायचे, या दोघांचं भांडण काही मिटत नाही. त्या विचारण्यात मला माफी होती, का आठवण होती, का तुम्ही फक्त मला दार उघडून देत होतात, हे मला कधी ठरवता आलं नाही. मी दर वेळी दारातूनच विनोद करून परत फिरलो.

एकदा अगदी जवळ आलो होतो. दोन हजार पाचच्या पुरानंतर तुम्ही महाडात घरोघरी मीटरचे बोर्ड उघडून वाळवत, पुसत फिरत होता. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. मी तुमच्याबरोबर होतो, बॅटरी धरायला. एका चिखलानं भरलेल्या जिन्याखाली तुम्ही बोर्डात हात घातला होता. मी म्हणालो, "भावोजी, ते पिल्लांचं..."

"मास्तर, बॅटरी नीट धरा," तुम्ही म्हणालात.

मी नीट धरली. आणि मनातून सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करतो.

यंदा माघात तुम्ही सकाळचा चहा पिऊन पायरीवर बसलात आणि उठला नाहीत. मी पोचलो तेव्हा ताई रडत नव्हती. भिंतीला टेकून एकच बोलत होती, "मी किती बोलले यांना. जन्मभर बोलले. दर गौरीला बोलले, की तुम्ही माझ्या भावाची पिल्लं मारलीत." बायका तिला थोपटत होत्या. मी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर मी तिला सांगितलं. मागल्या दारी, भांड्यांच्या ढिगापाशी. वायर, मखर, रेडिओचे सेल, हेडमास्तर, सगळं. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. हातातला तांब्या घासत राहिली. मी संपवलं तेव्हा म्हणाली, "त्यांना ठावं होतं?"

"त्याच दिवशी कळलं होतं."

तिनं तांब्या विसळून पालथा घातला. मग म्हणाली, "तुझ्यासाठी गप नाय ऱ्हायले रे ते, बाळू. तुला वाटत असंल तसं. त्या दिवशी ते खरं बोलले असते तर मी तुझ्या उंबऱ्यात परत पाय ठेवला नसता. माझं माहेर ऱ्हावं म्हणून गप ऱ्हायले."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, भावोजी. दहा वर्षं मी समजत होतो की तुम्ही मला वाचवलंत. त्या पडवीत तुम्ही मला हिशेबात धरलंच नव्हतं. आणि जे तुम्ही दहा वर्षं जपलंत ते मी भांड्यांच्या ढिगापाशी पाच मिनिटांत मोडून टाकलं. खरं बोललो, आणि ते सुद्धा तुमच्या मनाविरुद्ध. तुम्ही असता तर म्हणाला असतात, मास्तर, दहा वर्षं गप बसलात, अजून थोडे बसला असता.

मी ताईला म्हणालो, "चुकलं माझं."

ती म्हणाली, "माझ्याकडं येऊन काय बोलतोस? मी घरातलीच. ज्यांच्यासमोर तोंड मिटून बसलास त्यांना सांग. तुझ्या काकांना, त्या हेडमास्तरला, त्या पाहुण्यांना. माझा माणूस कामाला चुकणारा नव्हता, एवढं सगळ्यांना कळू दे."

काका आता अंथरुणावर आहेत, त्यांना कमी ऐकू येतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, सगळ्या घरानं ऐकलं. ते म्हणाले, "जावईबापू," आणि या वेळी कुठंच थांबले नाहीत. हेडमास्तर निवृत्त होऊन मुलाकडे राहतात, त्यांना पत्र टाकलं आहे. आणि बाकीच्यांसाठी हे दोन कॉलम.

छापायला देण्याआधी मी हे घेऊन काल ताईकडे गेलो. तिला वाचून दाखवलं. तुमच्या येस्टीच्या वाक्याला ती जरा हसली. फ्यूज घेऊन ट्रकमधून परत आलात, ते तिला माहीतच नव्हतं. त्या रात्री तुम्ही तिला उशिराचं कारण पंक्चर सांगितलं होतं म्हणे. शेवटी मी लिहिलं होतं की ती वायर माझ्याकडून चुकून कापली गेली.

ती म्हणाली, "चुकून कशी? नि कापली गेली म्हणजे? कापलीस."

मी खोडलं. तिच्यासमोरच पेनानं दुरुस्त केलं आणि पुन्हा वाचलं. पोलादपूरच्या माझ्या घरातलं सदूभाऊंचं वायरिंग बरोबर होतं. काळी वायर मी कापली, आणि विचारल्यावर त्यांचं नाव सांगितलं.

"आता दे छापायला," ती म्हणाली.

निघताना मला तिला विचारायचं होतं, गौरीला येशील का. पायात चप्पल घालून मी थोडा वेळ अंगणात उभा राहिलो. ती तुमची पेटी उघडून बसली होती, पक्कड, टेस्टर, दोऱ्याचं रीळ एकेक पुसून फडक्यावर मांडत होती. मी विचारलं नाही, आणि तिनंही मान वर केली नाही.